थंडीत जाळ्या काढू नका. काढायच्याच तर मिरगाच्या आधी

ताई, तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का, ते आधी सांगतो. कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ दुसऱ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट. हॉल आणि दोन्ही बेडरूमना थ्री ट्रॅकच्या अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या, त्यात एकेक जाळीचं शटर, म्हणजे सरकणारी झडप. बाल्कनीच्या दाराला प्लीटेड, म्हणजे घड्यांनी मिटणारी जाळी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला वेल्क्रोने चिकटवलेली. मुलगा टोरांटोजवळ राहतो. तो ऑक्टोबर संपता संपता घरातल्या सगळ्या जाळ्या उतरवून तळघरात ठेवतो आणि एप्रिल-मेमध्ये परत लावतो. त्याच्या जाळ्या कितीतरी वर्षं तशाच्या तशा आहेत. तुमच्या मात्र दोन वर्षांत काळ्या पडल्या, कोपऱ्यातून सुटायला लागल्या. म्हणून विचारताय, आपणही दिवाळीनंतर काढून माळ्यावर ठेवल्या तर टिकतील का?

नका काढू. मी सव्वीस वर्षं उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं, म्हणजे खिडक्या-दारांच्या चौकटींचं, काम करतोय. कोल्हापुरात थंडीत जाळ्या उतरवाव्यात असं मी आजवर एकाही घरात सांगितलेलं नाही.

मुलगा करतो ते तिथल्या हवेला अगदी बरोबर आहे. तिकडे बर्फ पडतो, जाळीच्या भोकांत अडकून गोठतो, त्याच्या वजनाने जाळी ताणली जाते आणि चौकट वाकते. वर हिवाळ्यात दिवस लहान, ऊन तिरपं. जाळी काढली की काचेतून तेवढा उजेड आणि ऊब जास्त आत येते. आणि मुख्य म्हणजे चार-पाच महिने तिथे खिडकी उघडायची वेळच येत नाही, बाहेर डासही नसतो. म्हणजे जाळीचा उपयोग शून्य आणि नुकसान पुरेपूर, अशा काळात तो ती उतरवतो. हा हिशोब आपल्याकडे लावला तर तसा काळ कुठला येतो? थंडी नव्हे. जून ते ऑगस्ट. पश्चिमेची झोडप सुरू झाली की त्या बाजूची खिडकी बंदच राहते आणि बाहेरच्या ट्रॅकवरची जाळी फुकट मार खात उभी असते. तिकडची थंडी ती आपली मिरगापासूनची तीन महिन्यांची झड, असं समजा म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल.

आपल्याकडे दिवाळीनंतर उलट डास वाढलेला असतो. पाऊस थांबतो, ओढ्या-नाल्यांचा प्रवाह मंदावतो, डबकी साठून राहतात, केंदाळाखाली पाणी हलत नाही. तुम्ही रंकाळ्याच्या काठावर, तुम्हाला दिवस मावळताना काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. डेंग्यूचा डास तर घरातल्याच स्वच्छ पाण्यात होतो: कुंडीखालची थाळी, कूलरचा तळ, गच्चीवरचा टायर. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि तो दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, म्हणजे नेमक्या ज्या वेळी आपण थंडीत खिडक्या उघडून ऊन आत घेतो. म्हणून त्या चार महिन्यांत जाळी जागेवरच हवी.

आता जाळी काळी का पडते. तुमच्या घरी ती खराब होते त्याचं मोठं कारण हेच असणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो तो मार्चपर्यंत चालतो. गावाभोवती चारी बाजूंना ऊस, कुठे फड पेटवतात, कुठे तोडणीनंतर पाचट जाळतात. त्याची काळी काजळी वाऱ्यावर शहरात येते. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी कुसळं पडलेली दिसतात ना, तीच जाळीवर बसतात. गच्चीवरून ती झाडून काढता येतात, पण जाळीच्या भोकात अडकलेलं कुसळ बोट लागताच चुरतं आणि चुरलं की धाग्याला शाईसारखं फासलं जातं. बायका ओलं फडकं घेऊन पुसायला लागतात आणि जाळी आधीपेक्षा काळी होते, ती इथे.

म्हणून पहिला नियम: कोरडी जाळी कोरडीच झाडायची. मऊ ब्रश घ्या, जुना रंगाचा चार इंची ब्रश उत्तम, आणि वरून खाली हलक्या हाताने फिरवा. शक्य असेल तर एकाने आतून ब्रश फिरवावा आणि दुसऱ्याने त्याच्या खाली व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड धरावं. घासायचं नाही, नुसतं उडवायचं. हंगामात पंधरा दिवसांतून एकदा एवढं केलं तर धुण्याची वेळ वर्षातून दोनदाच येते, दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि हंगाम संपल्यावर गुढीपाडव्याच्या सुमारास एकदा.

धुण्याआधी जाळी कशाची आहे ते ओळखा. तुमच्या शटरमध्ये बहुतेक फायबर ग्लासची असणार, आपल्याकडे सगळ्यात जास्त तीच बसते. तिचा धागा म्हणजे काचेचा तंतू आणि त्यावर पीव्हीसीचा लेप. वाकवली तर मऊ वाकते आणि सोडली की परत येते. अ‍ॅल्युमिनियमची जाळी वाकवली की तशीच राहते. स्टीलची बोटाला कडक लागते. स्टील खरं की खोटं हे लोहचुंबक लावून ठरवू नका. 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची तारसुद्धा ओढून-विणून थोडी चुंबकाला ओढली जाते, त्यात काही खोट नसते. कुणी विकताना 18×16 म्हणालं, तर त्याचा अर्थ एका इंचात आडवे-उभे अठरा आणि सोळा धागे. भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं पडतं. डास त्यातून येत नाही. पण पावसाळ्यात केळ्यांवर घोंघावणारी चिलटं येतात, त्यांच्यासाठी जाळी बदलून घेऊ नका, उजेड आणि वारा दोन्ही घालवून बसाल.

फायबरची जाळी टिकते ती त्या लेपावर. लेप गेला की आतला काचेचा तंतू उघडा पडतो, धागा पिंजारतो आणि जवळून हात फिरवला तर खाज सुटते. काळं सुती फडकं घेऊन कोपऱ्यात हलकं दाबून ओढा. फडक्यावर पांढरी भुकटी आली तर लेप गेलाय, ती जाळी धुवून काही होणार नाही, नवीन लावा. तुमची दोन वर्षांचीच आहे, तर अजून तशी नसावी. पण ती ज्या बाजूला दुपारचं ऊन खाते त्या बाजूची आधी तपासा.

धुताना कोमट पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड, अर्ध्या बादलीला दोन चमचे पुरे. मऊ स्पंज. शटर उतरवून बाथरूममध्ये भिंतीला टेकवून उभं करा, दोन्ही बाजूंनी ओलं करा, दहा मिनिटं तसंच ठेवा. मग एक हात मागून जाळीला आधार देत दुसऱ्या हाताने स्पंज फिरवा. हा मागचा हात महत्त्वाचा. तो नसला की जाळी प्रत्येक फेऱ्याला पोटात जाते आणि जाळीला चौकटीच्या खाचेत धरून ठेवणारं कडेचं रबर एकेक केसभर वर येतं. तुमचे कोपरे सुटलेत ते बहुधा असेच. वरून मगाने पाणी ओता, नळीचा जोर लावू नका. गाडी धुवायचं प्रेशर मशीन तर अजिबात नाही. मग सावलीत उभं ठेवून निथळू द्या.

स्वयंपाकघराची जाळी वेगळी. तिच्यावर फोडणीची वाफ बसते, तेल बसतं, त्यावर धूळ. हिला पाणी थोडं जास्त गरम चालतं, हाताला सोसेल इतकं, आणि भिजवून अर्धा तास ठेवायची.

ज्याने धुवायचं नाही त्याची गोष्ट सांगतो, कारण दरवर्षी असा एक तरी फोन येतो. मागच्या दिवाळीत राजारामपुरीतल्या एका घरी गेलो. वहिनींनी सगळ्या जाळ्या संडास साफ करायच्या लिक्विडने धुतल्या होत्या. त्यात अ‍ॅसिड असतं. जाळी दिसायला चकचकीत झाली होती, पण अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर पांढरे चट्टे उठले होते, रोलरची बेअरिंग लाल पडली होती. सहा शटरपैकी चार नवीन करावी लागली. अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमला खातं, कॉस्टिक सोडाही खातो. ब्लीचचं पाणी स्टीलच्या जाळीवर सुकलं तर बारीक खड्डे पाडतं. तारेचा घासणा तर कशालाच लावायचा नाही. मला त्या घरी फार वाईट वाटलं, कारण त्या बाई मनापासून स्वच्छता करत होत्या आणि त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. खिडकी बसवणाऱ्याने जाताना दोन वाक्यं सांगितली असती तर ते पैसे वाचले असते.

जाळीइतकाच ट्रॅकही सांभाळा, आणि हे काम मिरगाच्या आधी, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडायच्या आत. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी निघायची भोकं असतात. काहींना लांबट चिरा असतात. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये पडणारच, ते आत न येता बाहेर जावं म्हणून ही भोकं. वर्षभराची धूळ, उसाची काजळी, मेलेल्या पाली आणि मुंग्यांची माती त्यात जाऊन बसते. पाऊस लागला की ट्रॅक पन्हाळीसारखा भरतो आणि पाणी कट्ट्यावरून हॉलमध्ये उतरतं. मग लोक म्हणतात खिडकी गळते.

एका फ्लॅटमध्ये कुणीतरी तीन वेळा बाहेरून सिलिकॉन मारलं होतं. भोकांवरसुद्धा! मी ब्लेडने ते कापून काढलं तेव्हा आत तुंबलेलं पाणी गुळगुळ आवाज करत बाहेर पडलं. घरातले आजोबा खुर्चीवरून उठून बघायला आले. बाकी खिडकीत काही दोष नव्हता.

तुम्ही असं करा. शटर बाजूला सरकवून ट्रॅकमधला कोरडा कचरा जुन्या दातांच्या ब्रशने सैल करा आणि व्हॅक्यूमने ओढा. मग झाडूची काडी आतून भोकात घाला आणि हळू फिरवा. काडी मोडली तर सायकलच्या स्पोकचा तुकडा, पण टोक बोथट करून, नाहीतर चौकटीवर ओरखडा पडतो. शेवटी मगभर पाणी ट्रॅकमध्ये ओता आणि बघत राहा. मनात वीस मोजेपर्यंत पाणी निघून गेलं तर मार्ग मोकळा. साचून राहिलं तर अजून कुठेतरी अडकलंय. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर आधी हाक मारून सांगा. शटर जड सरकत असेल तर त्यात खोबरेल तेल किंवा ग्रीस घालू नका, धूळ चिकटून दोन महिन्यांत लापशी होते. सिलिकॉनचा स्प्रे मारा, नाहीतर साधी मेणबत्ती ट्रॅकच्या कडेवर दोनदा घासा.

एप्रिल-मेचा वळीव विसरू नका. तो कुठूनही येतो, गारा घेऊन येतो आणि अर्ध्या तासात जातो. वारा सुटला की आधी काच ओढा, मग कपडे काढायला जा. फायबरची जाळी गारेने फाटत नाही सहसा, पण अर्धवट उघडं शटर आदळून कोपऱ्याचा सांधा सुटतो.

आता पावसाळ्यात काय उतरवायचं. काही कारागीर जाळी बाहेरच्या ट्रॅकवर देतात, काही आतल्या. तुमची आत असेल तर शटर अजिबात काढू नका, काच पुढे ओढली की जाळी कोरडी. बाहेर असेल आणि ती खिडकी पश्चिमेला असेल, जून ते ऑगस्ट तुम्ही ती उघडतच नसाल, तर तेवढंच एक शटर उतरवा. बेडरूमची राहू द्या. पावसाने उघडीप दिली की आपण पहिल्यांदा खिडकीच उघडतो आणि त्याच वेळी डास आत शिरायला टपलेले असतात. गणपतीच्या आधी उतरवलेलं शटर परत जागेवर बसवा.

प्लीटेड जाळी कधीच उतरवायची नाही. तिच्या घड्यांतून दोऱ्या ओवलेल्या असतात आणि त्यांचा ताण कारखान्यात जुळवलेला असतो. झोडप आली की ती पूर्ण मिटून ठेवा. पण ओली मिटू नका, हे फार महत्त्वाचं. ओल्या घड्या एकमेकींवर बसून राहिल्या की बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. आधी पंखा लावून अर्धा तास उघडी ठेवा, कोरडी झाली की मिटा. खालच्या पट्टीत बारीक कचरा साचतो, तो आठवड्याला पुसा, म्हणजे दोरी तुटत नाही.

शटर उतरवायची रीत सांगतो, कारण दुसरा मजला आहे. खिडकीबाहेर वाकायचं नाही, स्टुलावर चढून तर नाहीच. शटर खोलीच्या आत उभं राहूनच निघतं. वरच्या बाजूला एखादा अडकवायचा क्लिप किंवा स्क्रू असतो, तो सैल करा. दोन्ही हातांनी शटर सरळ वर उचला, खालची कड ट्रॅकमधून सुटली की ती आपल्याकडे ओढा. जागचं हलत नसेल तर ओढाताण नको, माणूस बोलवा. आणि घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जाळी डास अडवते, मूल अडवत नाही. नातवंडं सुट्टीला येतील तेव्हा खिडकीखाली दिवाण, खुर्ची असलं काही ठेवू नका.

उतरवलेलं शटर ठेवायचं कसं? धुवून, पूर्ण सुकवून, उभं. आडवं टाकलं की त्यावर काहीतरी ठेवलं जातंच, माझ्या स्वतःच्या घरी मी ते बघितलंय, आणि जाळीला कायमचा झोळ पडतो. कपाटामागे किंवा पलंगाच्या मागे भिंतीला टेकवा, दोन शटर असतील तर मध्ये खोक्याचा पुठ्ठा. वरून जुनी सुती साडी किंवा चादर टाका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच.  तिथे उंदीर असतात आणि फायबरची जाळी ते सहज कुरतडतात. चौकटीच्या वरच्या कडेला मार्करने लिहा: हॉल, पश्चिम, डावं. सगळी शटर सारखी दिसतात, पण बांधकामात खिडकी सूतभर इकडेतिकडे असते आणि एकाचं दुसरीकडे बसत नाही. स्क्रू आणि क्लिप छोट्या पिशवीत घालून त्याच शटरला सुतळीने बांधा.

वेल्क्रोची जाळी उतरवली तर गुंडाळायची, घडी घालायची नाही. वेल्क्रोची आकड्यांची बाजू खिडकीवर राहते आणि मऊ बाजू जाळीला. कुणी उलटं शिवलं असेल तर आकडे जाळीतच अडकतात, म्हणून गुंडाळताना कडेला वर्तमानपत्राची पट्टी घाला. खिडकीवरची चिकटपट्टी सुटली असेल तर जुन्यावर नवीन चिकटवू नका. जुना गोंद पूर्ण खरवडा, जागा कोरडी करा, मग लावा आणि एक दिवस जाळी न अडकवता तशीच राहू द्या.

पुराचं पाणी तुमच्या दुसऱ्या मजल्यावर येणार नाही, पण तळमजल्यावरचे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर भागात पाणी ओसरल्यावर मी बरीच शटर उघडली. ज्यांनी गाळ ओला असतानाच धुतला त्यांच्या चौकटी वाचल्या. गाळ खाचेत वाळला की दगड होतो, रबर निघतच नाही आणि बेअरिंग जाम होते. पुरात बुडालेलं वेल्क्रो आणि फोम ठेवू नका.

तुमचे सुटलेले कोपरे घरीच बसवता येतील. जाळी फाटलेली नाही, नुसतं रबर वर आलंय ना? शटर जमिनीवर आडवं ठेवा, खाली चादर. सुटलेल्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंनी वीतभर रबर बाहेर काढा, खाच ब्रशने साफ करा. जाळी हाताने फक्त सपाट करा, ताणू नका. इथेच सगळे चुकतात. जाळी ढोलकीसारखी ताणली की चौकटीची लांब बाजू मधोमध आत ओढली जाते, तिला कंबर पडते आणि शटर ट्रॅकमध्ये फट सोडतं. डास मग जाळीतून न येता कडेने येतो. रबरही ताणायचं नाही आणि ढिलंही नको. खाचेवर ठेवून छोट्या चाकाच्या रोलरने एका दमात दाबत न्या. कोपऱ्यात चाक पोचत नाही, तिथे पेचकसाच्या बोथट टोकाने दाबा. जास्तीची जाळी कापताना ब्लेडचं टोक नेहमी खाचेच्या बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा.

रबर कडक होऊन तडकलं असेल तर ते परत बसणार नाही, नवीन आणा. त्याच्या जाड्या वेगवेगळ्या असतात आणि नुसतं बघून कळत नाही. अर्धा मिलिमीटर बारीक आलं तर महिन्यात सुटतं, जाड आलं तर खाचेत शिरतच नाही. म्हणून दुकानात जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा बरोबर न्या, आणि नवीन रबर त्या तुकड्याला लावून दाखवा म्हणा.